आवाज न करणारा पंखा

कर्जतच्या दवाखान्यात हलिमा आपल्या नंबरची वाट बघत होती. पुढच्या बाकावर पळसदरीच्या दोघी बोलत होत्या.

"भागूबाय, नामाभाऊंचं दुखणं कळलं कसं गं?"

"पंख्यानं कळलं."

"पंख्यानं?"

"सरकारनं आता पंख्यावरबी चांदण्या छापायला लावल्यात ना? चांदण्या जास्त तर लाईट कमी जळते. नातू पाच चांदण्यांचा घेऊन आला. जुना निस्ता खडखडायचा, ह्यो आवाजच करीत नाय."

"मग?"

"दुपारी हे झोपलेले, तर छातीत शिट्टी वाजताना ऐकू आली. वर्षभर वाजत असंल, त्या खडखडाटात कोण ऐकतंय!"

"बाय गं! डॉक्टर काय बोलले?"

"वेळेत आणलंत, बोलले. तोंडात मारायचा पंप दिलाय. आता बरं हाय."

हलिमानं पिशवीतून मोबाईल काढला. घरी नवऱ्याच्या, लियाकतच्या, डोक्यावर लग्नातलाच पंखा खडखडत होता. तिनं सुनेला फोन लावला.

"फराह, अब्बा झोपलेत ना? त्यांचा पंखा बंद कर आणि छातीत शिट्टी वाजते का ऐक."

फोनमध्ये पंख्याचा खडखडाट थांबला.

"फराह?"

"शिट्टी नाही, अम्मी. पंखा कुणी बंद केला म्हणून अब्बा ओरडतायत."

"ओरडू दे गं," हलिमा भिंतीला टेकली. "पोटभर ओरडू दे."