पंप बदलून घ्यायला आलेले आजोबा

वीस वर्षं झाली, पण ते आवाज अजून माझ्या कानात आहेत. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात मी रांगेत होते. पुढे एक आजोबा, पाण्याचा पंप कागदात गुंडाळून छातीशी धरलेला, आणि शेजारी त्यांची लेक.

“पंपच खराब आहे. बदलून घेऊ.”

“पंपाला कशाला नावं ठेवता, बाबा?”

“मग काय, माझ्या हाताने बसवलेला पंप गळतो होय?”

“मघाशी पंप काढल्यावर मी इंजिनावर बोट फिरवून पाहिलं. सांध्यातलं जुनं गॅस्केट खालच्या बाजूला तसंच चिकटलेलं होतं. तुम्ही नवं त्याच्यावरच बसवलंत. पाणी गळणार नाही तर काय?”

“शक्यच नाही. मी खरवडून काढलं होतं.”

“अर्धं काढलंत.”

“तू मला शिकवणार?”

“तुम्हीच शिकवलंय. आधी खरवड, मग पूस, मग हात फिरवून बघ. चला, नवं गॅस्केट घेऊ. मी खरवडते, तुम्ही बोल्ट आवळा. उद्या आईला तपासणीला न्यायचंय, गाडी आज चालू व्हायलाच हवी.”

“हट्टी आहेस.”

“कुणाची लेक आहे?”

“बोला आजोबा, काय देऊ?” दुकानदाराने विचारलं.

“एक गॅस्केट दे.” मग लेकीकडे न बघता ते म्हणाले, “ते चिकटलेलं मला दिसलंच नाही गं. सहा महिने झाले, उजव्या डोळ्यापुढे नुसतं धुकं असतं. उद्या गाडी तू चालव.”