पासंगाचा दगड

नाही ताई, तो नाही मिळायचा. साखळ्या घ्या, कड्या घ्या, कुलूप घ्या — विकायलाच बसलोय मी — पण त्या जुन्या तराजूतल्या दगडाला हात लावू नका. असेल तुमचं संग्रहालय मोठं, काचेची पेटी असेल, आत दिवा असेल, असेल सगळं! चहा घ्या, गार होतोय. आणि ते पुस्तक मिटा, मला पाठ आहे. ते लिहिणारे तुमच्या गुरूंचे गुरू ना? टोपीवाले साहेब. राज्य त्यांच्या लोकांचं होतं, तेव्हा आमच्याच माडीवर भाड्याने राहायचे. रोज खाली येऊन वडिलांना विचारायचे, हा दगड पारड्यातून काढत का नाही? काढणार कसा? एक पारडं हलकं, म्हणून पासंग ठेवलेला — शेंबड्या पोरालाही कळतं! पण वडिलांना त्यांची भाषा अर्धीकच्ची, दारात गिऱ्हाईक खोळंबलेलं, ते म्हणाले, ‘माझ्या बापाने ठेवलाय.’ झालं! साहेबांनी लिहून टाकलं — हे लोखंडवाले लोक दगडात आपला मेलेला पूर्वज पाहतात, त्याच्या साक्षीशिवाय खिळासुद्धा तोलत नाहीत. आणि हे छापून आलं तेव्हा आजोबा जिवंत! ओट्यावर दाढी करून घेत बसलेले. म्हणाले, ‘अरे, मला आधी कळवायचं तरी!’

हसा, हसा. पण मग तुमची माणसं यायला लागली ना, हेच पान उघडून. दगडापुढे आली की आवाज खाली. एकाने तर मलाच समजावलं हो, मी कोण ते! मीही पाहिलंय की तुमच्या जमातीला — माणूस समोर बसलेला असतो, तरी तो आहे का याची खात्री पुस्तकात बघून करतात. लिहू असं? छापेल कोणी? राज्य गेलं, पण आम्ही कोण हे सांगायचा मक्ता काही सुटला नाही त्यांच्याकडून.

काय? साधा पासंगच आहे, तर देत का नाही? आता तोलायला विजेचा काटा आहे, म्हणून? — हुशार आहात. अहो, मधे आई आजारी पडली. दवाखान्यात निघताना घाईघाईत किल्ल्यांऐवजी हाच उचलला — नाही, घाईत कसला, मुद्दामच उचलला. ऑपरेशन चाललं होतं तोवर मुठीत धरून बसलो. आजोबा नाहीत, वडील नाहीत, दोघांची बोटं फिरलेली यावर — मग माणसाने धरायचं तरी काय? आता दुकान उघडलं की आधी हा पुसतो, मग बाकीचं...

काय लिहिताय? म्हणजे साहेब खरे ठरले? मुळीच नाही! त्यांनी लिहिलं तेव्हा ते खोटंच होतं. पुढे जे झालं ते आमचं आम्ही केलं, त्यांना न विचारता. उद्या दार अडवायला लावीन हा दगड, नाहीतर उशाशी घेऊन झोपेन — माझी मर्जी. खोडा ते. खोडा म्हणतो ना! माझ्या आईचं दुखणं तुमच्या पेटीत नाही ठेवायचं मला.

या मिस्त्री, या. बिजागऱ्या ना? — ताई, उठा जरा. स्टूल गिऱ्हाइकाचं आहे.