काटा वर चढेना

मेहुणा : इंजिन आधीपासून कुरकुरत होतं, की त्याच दिवशी दम सोडला?

नावाडी : त्याच दिवशी. त्याआधी सुतासारखं सरळ चालायचं. त्या दिवशी मी पलीकडच्या काठावर माणसं उतरवली, तेवढ्यात दवाखान्यातून हिचा फोन. बाबा, लवकर या. तसाच वळलो. बोटीत मी एकटा. रेसचा दांडा पुढे टेकवला, तरी इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा निम्म्यावर जाऊन बसला. वर चढेना. इंजिन नुसतं कण्हतंय, आणि काठ काही जवळ येत नाही.

लेक : मामा, आधी चहा घे. आल्यापासून उभाच आहेस.

नावाडी : चहा कुठे पळून जात नाही. त्याला बघू दे. हे बघ, मला दुरुस्ती नकोय. बोट चालली काय, बुडाली काय. तू हिच्या आईचा भाऊ, आणि बोटींची इंजिनं खोलण्यात तुझे केस पिकले. मला एवढंच सांग, हे धड असतं तर मी वेळेत पोचलो असतो की नाही?

मेहुणा : दाजी, पेशंटला हात लावायच्या आधीच निकाल मागताय. आधी दुखणं तर कळू दे. काय काय केलंत आतापर्यंत?

नावाडी : प्लग बदलले. फिल्टर बदलला. पेट्रोलची नळी नवी, पंप नवा. कार्बोरेटर इतक्यांदा धुतला की त्यात पाणी पिता येईल. पाण्यातला पंखा बदलला, पुन्हा जुना चढवला, तो काढून तिसरा आणला. काटा तिथेच.

लेक : जेवायच्या टेबलावर ताट ठेवायला जागा नसते, मामा. आधी नट बाजूला सारायचे, मग जेवायचं. परवा माझ्या ताटात वायसर निघाला.

मेहुणा : गिळला नाहीस ना? मग झालं. दाजी, न्यूट्रलमध्ये रेस दिली तर?

नावाडी : न्यूट्रलमध्ये वाघ. गिअर टाकला की शेळी.

मेहुणा : दांडा पूर्ण पुढे घ्या बरं. अजून. हं, इकडे झडप पूर्ण उघडतेय. केबल ठीक आहे. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू?

नावाडी : सैल आहे. दूधखुळा समजलास काय मला?

मेहुणा : तसं नाही. पण याच स्क्रूपायी आमच्याकडे एकानं अख्खं इंजिन बदललं होतं. बरं, पंख्याचं रबर आतल्या आत घसरत असतं तर उलटं झालं असतं. काटा वर पळाला असता आणि बोट जागच्या जागी. तुमचा काटाच चढत नाही. मला वाटतं हे इंजिन आजारी नाही, दाजी. त्याच्यावर ओझं आहे.

नावाडी : कसलं ओझं? सांगितलं ना, मी एकटा होतो.

मेहुणा : पोरी, तू मागे त्या पायरीवर जा. तिथून बोट कशी दिसते सांग.

लेक : दिसायची कशी? आई म्हणायची तशीच. दोन मोठ्या पोकळ नळ्यांवर ठेवलेली ओसरी.

मेहुणा : मस्करी नको. सरळ आहे का?

लेक : नाही. डावीकडे कललीय जरा. मागचा डावा कोपरा पाण्यात गेलाय. उजव्या नळीवरची पांढरी रेघ दिसतेय, डावीवरची दिसत नाही.

नावाडी : ती तशीच असते. इंजिन मागे आहे, मागून दबणारच.

मेहुणा : इंजिन मधोमध आहे. एकाच बाजूनं का दबेल? गाडा कुठे आहे तुमचा? ओढून घेऊ बाहेर.

नावाडी : इंजिनाचं दुखणं बघायला बोट बाहेर कशाला?

मेहुणा : तुम्ही दोरी धरा. प्रश्न नंतर विचारा.

(बोट गाड्यावर चढवून उतारावर ओढून घेतली आहे.)

मेहुणा : आता इकडे या आणि ऐका. डाव्या नळीवर पुढून पाना आपटतो. कशी खणखणते, रिकाम्या डब्यासारखी. आता मागे येतो. ऐकलंत?

लेक : भिंतीवर मारल्यासारखं.

मेहुणा : पाणी आहे आत. निम्म्याहून जास्त. आता हे बूच. हे शेवटचं कधी उघडलंत, दाजी?

नावाडी : तिथे बूच आहे?

मेहुणा : तुम्ही ही बोट चालवताय ना? की बघायला येता?

नावाडी : वरचं माझं, पाण्याखालचं तिचं. बोट घेतली तेव्हाच ठरलेलं. इंजिनाला तिनं हात लावायचा नाही, बाकी कशात मी नाक खुपसायचं नाही. सुट्टीच्या दिवशी बोट वर घ्यायचो. ती इथे मागे खाली बसायची. मला वाटायचं शेवाळ घासतेय.

मेहुणा : पाय सरकवा. सोडतो.

लेक : बाप रे. मामा, किती आहे हे?

मेहुणा : वाहू दे. आपल्याला घाई नाही.

नावाडी : तिला माहीत होतं पाणी शिरतं ते?

मेहुणा : ताई मला फोनवर सांगायची. डाव्या नळीचा सांधा झिरपतो, या खेपेला बादलीभर निघालं, पुढच्या खेपेला दीड बादली. मी म्हणायचो, दाजींना सांग, जोडून घेतील. तर म्हणायची, त्यांना इंजिनाशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही. हिवाळ्यात गर्दी कमी झाली की सांगते. मग तीच दवाखान्यात गेली.

नावाडी : आणि बूच कोणी उघडलं नाही.

मेहुणा : कोण उघडणार? ती तिकडे, तुम्हाला बूच ठाऊक नाही. साठत गेलं असेल. तुमच्या लक्षात आलं नाही, कारण माणसं घेऊन तुम्ही हळूच जाता. दांडा पूर्ण पुढे टाकायची वेळ त्याच दिवशी आली.

लेक : बाबा, बसा ना जरा. किती फेऱ्या माराल?

नावाडी : म्हणजे इंजिन चांगलं होतं.

मेहुणा : उत्तम होतं. आता मात्र सांगता येत नाही, एवढं खोललंय तुम्ही.

नावाडी : म्हणजे दवाखान्यातून रात्री घरी यायचो, तेव्हा एकदा इथे खाली वाकून बघितलं असतं, तर पोचलो असतो. तिला माझं तोंड दिसलं असतं. बोल की. तू मिस्त्री आहेस. पोचलो असतो ना?

मेहुणा : मला विचारू नका ते.

नावाडी : तुलाच विचारतोय. रिकाम्या नळ्या, पूर्ण रेस, एकटा माणूस. पोचलो असतो की नाही?

लेक : नाही.

नावाडी : तुला काय कळतं यातलं?

लेक : बोटीतलं नाही कळत. पण नसतात पोचला. मी फोन केला तेव्हा आई गेलेली होती.

नावाडी : लवकर या म्हणालीस.

लेक : हो.

नावाडी : लवकर या, असं म्हणालीस तू.

लेक : मग काय म्हणणार होते? तुम्ही पाण्यावर, एकटे. नर्सबाई म्हणाल्या, माणूस बोटीत असेल तर आता सांगू नकोस, आल्यावर सांग. आल्यावर सांगणारच होते. तुम्ही जिना चढून धापा टाकत आलात आणि विचारलंत, उशीर झाला का. माझ्या तोंडून निघालं, आत्ताच गेली. तुम्हाला बरं वाटावं म्हणून निघालं. नंतर ते परत घेता येईना.

नावाडी : तुला ठाऊक होतं हे?

मेहुणा : मला तिनं तेव्हाच खरं सांगितलं. मी जमिनीवर होतो.

नावाडी : आणि मी इंजिन खोलतोय, जोडतोय. वर त्याला शिव्या घालतोय. तुम्ही दोघं गप्प.

लेक : शिव्या का होईना, त्याच्याशी बोलत तरी होतात. घरात आणखी कोणाशी बोलत होतात तुम्ही? दोनदा सांगायला आले टेबलापाशी. तुम्ही म्हणालात, तो छोटा पाना दे. मी पाना दिला आणि गेले.

मेहुणा : तिच्यावर रागवू नका, दाजी. फोनवर मला म्हणाली, मामा, येऊन इंजिन तेवढं बघ. मला कळलं ती कशासाठी बोलावतेय ते.

नावाडी : मी तिला हाका मारत होतो रे. पाण्याच्या मध्यावर. थांब म्हणत होतो, आलोच, जराशी थांब. आजूबाजूला कोणी नव्हतं म्हणून मोठ्यानं. ती केव्हाच गेली होती.

लेक : बाबा.

नावाडी : रडू नकोस. तुझ्या जागी मी असतो तरी हेच म्हणालो असतो. लवकर ये म्हणालो असतो.

मेहुणा : पाणी थांबलं बघा. आता नुसतं ठिबकतंय.

नावाडी : सांधा कुठला?

मेहुणा : हा, खालच्या अंगाला. वाळला की चीर दिसेल. हा भाग घासून झाळायला लागेल. तोवर बोट बाहेरच राहू दे.

नावाडी : पलीकडची माणसं विचारत होती. त्यांना वळसा पडतो. पाना दे इकडे.

मेहुणा : आता तुम्ही बसा, दाजी. चहा घ्या. राहिलेलं मी बघतो.

नावाडी : दे म्हणतो ना. उजवी नळी अजून उघडायची आहे.