रविवारचा खिळा

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक माननीय नारायणराव, मातृसेवा मंडळाची सारी कर्ती माणसं, शाल-श्रीफळ घेऊन बसलेले सत्कारमूर्ती भागवतराव, जे माझ्या घरी नुसते भागवत आहेत, आणि समोर बसलेल्या कळंबच्या मायबहिणींनो, दादांनो, तुम्हां सगळ्यांना माकणीच्या गजराबाईचा नमस्कार.

बसूनच बोलते, राग नसावा. खुब्याचं हाड मोडल्याला चार महिने झाले. हातातला कागद शोभेचा आहे. म्या सांगितलं, लेकीच्या सृष्टीनं लिहून घेतलं आणि वाचून वाचून माझ्याकडून पाठ करून घेतलं. मला अक्षर येत न्हाय. कागद उलटा धरला असेल तर खुशाल हसा.

आईनं लेकाचं कौतुक करावं, असा मंडळाचा आग्रह आहे. करते की.

दवाखान्यातून मला घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हातारीला एकटं ठेवू नका, एकटीला उठू देऊ नका. अंगणात बैठक बसली. कोण कधी येणार? सृष्टीनं कागदावर सात वार आखले, नावं लिहिली. मला त्यावर मुंग्या चालल्यागत दिसलं. मग पुतण्या बळभीमनं माझ्या खाटेसमोरच्या भिंतीत सात खिळे ठोकले. दाराजवळचा सोमवार. ज्यानं जो वार घेतला, त्यानं आपली एक वस्तू त्याच्या खिळ्याला टांगायची. शेजारच्या लक्ष्मम्मानं पानाची चंची टांगली, बळभीमनं टोपी, लेक शिवकन्येनं जुनी ओढणी. सकाळी खिळे मोजायचे आणि ज्याचा वार त्याला हाक मारायची. आहे का न्हाय माझी शाळा, नारायणराव?

रविवार भागवतरावांनी स्वतः मागून घेतला. फोनवरून. “आईसाठी एवढं करणार न्हाय तर लेक कशाचा? रविवार माझा. खिळ्याची वस्तू येताना आणतो.” अंगणातल्या सगळ्यांनी ऐकलं. लक्ष्मम्मा तर “अय्यो, काय गुणाचा लेक!” म्हणून डोळे पुसायला लागली.

पहिला रविवार उजाडला. लेकाचा वार, आपण मधी कशाला पडायचं, म्हणून शेजारपाजार कुणी फिरकलं न्हाय. चूक त्यांची न्हाय, रीतच तशी. पाण्याचा तांब्या हातभर लांब. मी त्याच्याकडं बघतेय, तो माझ्याकडं. लघवीला कुणाला हाक मारू? खिळा तर मोकळा. ऊन उंबऱ्यावरून आत आलं, खाटेखाली गेलं. दुपारी धनाजी मेंढपाळ चुकलेली शेळी शोधत दारात आला. शेळी घावली न्हाय, मी घावले.

“मावशी, दादा आलं न्हाईत व्हय?”

अंथरूण ओलं झालेलं त्याला दिसत होतं. तरी म्या काय म्हणावं? “सकाळीच येऊन गेला रे. लई घाईत होता.” त्यानं तांब्या माझ्या तोंडाला लावला आणि लक्ष्मम्माला बोलवून आणलं. तिलाही म्या तेच सांगितलं.

पुढं चौदा रविवार मी तेच सांगत राहिले आणि चौदा रविवार धनाजी येत राहिला, पाठीमागच्या दारानं. एकदा म्या त्याला म्हटलं, “अरे, तुझी घोंगडी तरी टांग त्या खिळ्याला.” तर म्हणतो कसा, “न्हाय मावशी. तो खिळा दादांचा हाय.”

तुमच्या मंडळाची माणसं चौकशीला माकणीत आली, तेव्हा सारा गाव म्हणाला, भागवत दर रविवारी येतो. गाव खोटं बोलला न्हाय. गावाला मीच सांगितलं होतं. म्हणजे बघा, हा आईच्या सेवेचा पुरस्कार त्याला कुणी मिळवून दिला? आईनंच!

पत्रिकेवरचा फोटो मात्र खरा आहे बरं का. भागवत तेवढ्यासाठी आला होता. बुधवारी. रविवारी फोटोवाला मोकळा नव्हता. शिरा लक्ष्मम्मानं केलेला. फोटोवाला म्हणे, “आजी, तोंड उघडा. आता हसा.” तोंड उघडं ठेवून हसायचं कसं, हे ज्याला जमतं त्यानं मला शिकवावं. चमचा ओठापर्यंत आला, फोटो निघाला आणि चमचा परत वाटीत गेला. लेकाला कळंबची गाडी गाठायची होती.

खाली बघू नको भागवता, मंडळी समोर आहेत.

एवढे दिवस झाकलं, ते आजच का उघडते? धनाजी पुढल्या आठवड्यात मेंढरं घेऊन चाराईला निघतोय. पावसाळ्यापर्यंत परतणार न्हाय. तो बघा, सगळ्यात मागं उभा आहे. कुणी त्याला खुर्ची द्या. तो गेला की माझा रविवार खराच रिकामा पडणार, आणि मला अजून एकटीनं उठता येत न्हाय. आता खोटं बोलून तांब्या जवळ येत नसतो.

तेव्हा अध्यक्षसाहेब, एक विनंती. सत्कारमूर्तींच्या खांद्यावरची ती शाल जरा इकडं द्या. सृष्टी, घडी घालून पिशवीत ठेव. ही शाल आज माकणीला जाणार आणि रविवारच्या खिळ्याला टांगली जाणार. वस्तू आणायची राहिली होती ना तुझी? मीच नेते. गावातली पोरंटोरंसुद्धा विचारतील, ही भारी शाल कुणाची? मी नाव सांगेन. तो आला का, असं विचारलं तर जे घडलं असेल तेच सांगेन. कळंबकरांनो, तुम्हीही त्याला दर सोमवारी विचारा. सन्मानपत्र तुम्ही दिलंत, मग तेवढा हक्क तुमचा आहे.

मंडळानं मला गाडी पाठवली, धनाजी-लक्ष्मम्मालाही बसवून आणलं, म्हातारीचं एवढं ऐकून घेतलं, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही उणंदुणं निघालं असेल तर तुम्ही सगळ्यांनी पदरात घ्या. भागवता, तुलाही माफी आहे. पण ती इथं न्हाय मिळायची. माकणीला ये, रविवारी, सकाळच्या पहिल्या गाडीनं. तांब्या भरून माझ्या हाताशी ठेव, आणि मग माग.