मागावरचा ताण

—नाही ताई, त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय रुसलेला आहे. इथं काचेपाशी बसा, मला पलीकडचे माग दिसले पाहिजेत. जॉबर आहे ना मी इथला, माग अडला की हाक मलाच. वय ना? अठ्ठावन्न. —हसता काय? सोय विचारलीत होय? सोय आहे की, प्यायचं पाणी आहे, पंखा आहे, आणि आता तुमच्या त्या कल्याण कार्यक्रमाची खोली आहे. कोपऱ्यातली, पूर्वी रिकाम्या बॉबिनी ठेवायचो तिथं. आता आत एक बाई बसतात आणि आपलं ऐकून घेतात. आम्ही आधी फार टिंगल केली. म्हटलं, पगार देऊन ऐकायला माणूस ठेवलाय, आमच्या घरी तर कुणी फुकटसुद्धा ऐकत नाही!

अहवाल तुम्हीच लिहिणार ना? मग चेहरा असा का केलाय, गणित चुकलेल्या पोरीसारखा? सांगतो, मला कळलंय. कार्यक्रमाच्या पहिल्या फॉर्मात सगळ्यांनी ताण ‘कमी’ लिहिला, सहा महिन्यांनी त्याच चाळीस जणांनी ‘जास्त’ लिहिला. म्हणजे कार्यक्रमानं माणसं बिघडवली, करा बंद, कुलूप लावा खोलीला — असंच ना? अहो ताई, एवढं शिकलात आणि एवढं नाही सुचलं? तेव्हा मागांवर बारीक सूत होतं, ताण कमीच ठेवावा लागतो, नाहीतर धागा तुटतो. आता जाड कापड लागलंय, ताण जास्त. चाळीस जणांनी अगदी खरं लिहिलंय. मागाकडे बघून लिहिलंय!

—कुणी सांगितलं म्हणजे? फॉर्मवर नुसतं ‘ताण’ छापलेलं. आमच्याकडे ताण म्हणजे धाग्याचा, दुसरा ताण असतो हे कुणाच्या बापाला ठाऊक? लोक विचारायला आले — मामा, काय लिहायचं? मी म्हटलं, मागावर बघा नि लिहा. हो, मीच. खोलीतल्या त्या बाईंनी मला समजावलं होतं ना, तिथं चौथ्या मागाशी उभं राहून, सगळ्यांना सांगा म्हणून. आता त्या म्हणतात, त्या ‘मनावरचा’ म्हणाल्या होत्या. मला ऐकू आलं ‘मागावरचा’. होतं असं, खडखडाट किती असतो — तसं इतरांना त्या खडखडाटातही येतं ऐकू, ते सोडा.

सोडा म्हटलं ना. बरं, आता निघालंच आहे तोंडातून. पण कागदावर घेऊ नका हं. जॉबर मागाचा आवाज ऐकून दुखणं ओळखतो. मी वर्षभर हात लावून ओळखतोय, लाकडावर तळवा ठेवून. कुणाला पत्ता नाही. कळलं तर उद्या फाटकावर खुर्ची टाकून देतील, येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम करायला. घरी बायको म्हणते, हल्ली फुगून बसता, हाकेला ओ देत नाही. आणि नात, पाच वर्षांची, कानाशी येऊन गुपित सांगते. मी आपला हसतो. परवा ती रडायलाच लागली. तिचं बाहुलं हरवलं होतं, आणि आजोबा हसत होता. फार वाईट वाटलं ताई. मेल्याहून मेल्यासारखं.

त्या खोलीत दार लावलं की शांत असतं, तिथं मला ऐकू येतं. थोडं, पण येतं. त्या बाईंनी तिसऱ्या गुरुवारीच ओळखलं, दर गुरुवारी जातो मी, टिंगल करत करत. त्यांनीच कान तपासायला पाठवलं. पुढच्या महिन्यात कानातलं यंत्र येणार आहे, ह्याच कार्यक्रमातून. म्हणजे कार्यक्रम राहिला तर. चूक माझी, नि कुलूप त्या खोलीला! तेव्हा एवढं करा, फॉर्म पुन्हा भरून घ्या. ‘मनावरचा’ हा शब्द ठळक छापा. मी स्वतः कुणालाही काही समजावून सांगणार नाही, तेवढी अक्कल आली.

—चहा? नको, आत्ताच झाला. —चहा नव्हे? ताई, खरं सांगू, मघापासून तुमचे ओठ बघून अंदाजानं ठोकतोय मी. लिहा, कागदावर लिहा, वाचता येतं मला.

हं. ‘मामा, तुमच्या मनावरचा ताण किती?’

आणा तो कागद इकडे, पुन्हा वाचू दे.

जास्त. तो नवा फॉर्म येईल तेव्हा येईल, माझं आत्ताच लिहून घ्या. जास्त. आणि ते कानाचंही घाला हवं तर, नावासकट. फाटकावर बसवायचं तर बसवू दे, नातीचं तरी ऐकू येईल.

चला, उठा आता. ती बघा, काचेपलीकडून मागावरची बाई हाका मारून मारून आता हात हलवतेय. चौथा माग कधीचा बंद पडलाय.