माहेरचं नाव

हिंगोलीच्या बसस्थानकात साखऱ्याच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर गावची आशा कार्यकर्ती यास्मीनताई आणि एक तरुण बाई बोलत होत्या.

"यास्मीनताई, बायांच्या तपासणीची गाडी काहून बंद झाली?"

"संस्थेला परदेशातून पैसा येत होता. तिकडं सरकार बदललं. असल्या कामाला पैसा द्यायचा न्हाई म्हणले."

"त्यांचं आपल्या गर्भपिशवीशी काय वाकडं हाय?"

"कोणाला ठाव. गाडीवरच्या सिस्टरला बी काढलं, तिचा फोन लागून न्हाई राहिला. मागून तिघींचे रिपोर्ट माझ्याकडं आले. तिघींना कॅन्सर हाय."

"मंग सांगा की त्यांना."

"कोणाला सांगू? सासरी कळू नये म्हणून तुमी सगळ्यांनी माहेरची नावं लिवली. कोण कोणती, ते फक्त सिस्टरला ठाव. दोघी सापडल्या. तिसरीला महिनाभर हुडकून राहिले."

"नाव काय तिचं?"

"राणी जळबा खंदारे. साखऱ्यात अशी कोणीच न्हाई."

यास्मीनताई पिशवी घेऊन उठली.

"चांगुणा, ऊठ. गाडी लागली."

"चांगुणा हे नाव मला सासूनं लग्नात ठेवलं, ताई."