खलबत्त्यातलं स्पॅनिश

मग काय, खलबत्ता फेकून देऊ? शालिग्रामभाऊ, तुम्ही खाली राहता म्हणून माझ्या स्वयंपाकघरावरही तुमचा हुकूम चालणार का — हो हो, रिकामाच कुटतेय, बघा ना वाकून, मिरचीचं बीसुद्धा सापडायचं नाही. डोकं फिरलेलं नाही प्रमिलाबाईचं. स्पॅनिश शिकतेय. हसा, पिंप्राळ्यातली म्हातारी स्पॅनिश शिकते म्हणून पोट धरून हसा, मग सांगते.

माझ्या भूषणची पोरगी स्पेनमध्येच जन्मली, आई तिकडची, पोरीला मराठीचा गंध नाही — मग आजीनेच शिकायला नको? मोबाइलवरची बाई म्हणते, क्रियापदाचे तुकडे पाडा आणि एकाच तुकड्यावर जोर द्या. तो जोर माझ्या जिभेला काही केल्या कळेना, हाताला कळला. आ-ब्लो — दणका पहिल्यावर, म्हणजे मी बोलते. दणका शेवटी पडला की तो बोलला. माणूसच बदलतो, भाऊ. कां-तान, ते गातात. कां-ता-मोस, आम्ही गातो, इथे दणका मधे सरकला. हलका, जड, हलका. त्या जड ठोक्यानंच तुमचा पंखा हलतो ना? हलू द्या.

परवा रविवारी फोनवर भूषणला म्हटलं, विचार रे तिला, दिवाळीला येणार ना? तो तिच्याशी काहीतरी बोलला, पोरीनं उलट त्यालाच विचारलं, आणि हा तिला हसत हसत म्हणतो, 'नो इरेमोस.' इ-रे-मोस, दणका 'रे'वर — आदल्या आठवड्यात तेच तर कुटलं होतं मी, आम्ही जाऊ. त्याला पुढून 'नो' लावला की जाणार नाही, हे कुटायलाही लागत नाही. आणि मला मराठीत काय सांगितलं? 'येऊ म्हणतेय, आई.' पोटच्या पोरानं, तोंडावर. त्याला वाटतं आईला काय कळतंय. माले बठ्ठं समजस आता, सगळं.

जाब विचारू? वा, मोठा सल्ला दिलात. विचारला की त्याला कळेल, आईला कळतं — मग तो माझ्यासमोर पोरीशी बोलायचाच नाही, फोन घेऊन दुसऱ्या खोलीत जाईल, आणि पोरीचा आवाजही जाईल त्याच्याबरोबर. म्हणून मी काय म्हटलं माहितीये? 'बरं बाबा, चकल्या जास्त करते यंदा.' हसलेसुद्धा.

असं काय बघताय? उठा. तक्रार करायला आलात ना, मग खुशाल करा सोसायटीत. दार ओढून घ्या जाताना.